लघवीची पिशवी काढायची आहे, मग वजनाचं काय?

मूत्राशयाच्या कॅन्सरचं निदान होतं. दुर्बिणीतून खरवडून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट येतो, त्यात रोग स्नायूच्या थरात शिरल्याचं दिसतं, आणि सर्जन सांगतात की लघवीची पिशवी काढावी लागेल. पेशंट अंगानं भारी असेल तर घरच्यांचा एक प्रश्न हमखास ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, आबांचं वजन लई हाय, ऑपरेशन झेपंल का?" पेशंट बारीक असेल तर हा प्रश्न बहुधा कुणाच्या तोंडून येत नाही. काटक शरीर आहे, जन्मभर रानात राबलेत, निभावून नेतील, असाच सगळ्यांना धीर वाटतो.

या धीरावर माझा विश्वास नाही, आणि का नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहितो आहे. जास्त वजनामुळे या शस्त्रक्रियेत त्रास वाढतो हे खरंच आहे. पण तो त्रास मुख्यतः जखमेचा, स्टोमाचा (लघवीसाठी पोटावर केलेल्या तोंडाचा), रक्ताच्या गुठळ्यांचा असतो आणि त्याची तयारी आधीपासून करता येते. वजन उतरत चाललेल्या, अंगावरचं मांस झडलेल्या पेशंटचा धोका मात्र थेट जिवाशी येतो, आणि तो घरात कुणाला दिसत नाही.

आधी शस्त्रक्रिया काय असते ते थोडक्यात. पुरुषांमध्ये मूत्राशयासोबत प्रोस्टेट ग्रंथी आणि वीर्यकोश काढतात. बायकांमध्ये बहुतेक वेळा गर्भाशय, बीजांडकोश आणि योनीमार्गाच्या पुढच्या भागाचा काही भाग काढावा लागतो, तरी अलीकडे शक्य असेल तिथे हे अवयव राखतात. आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही काढतात. मग लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. त्यासाठी लहान आतड्याचा साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढतात, दोन्ही मूत्रनलिका त्याला जोडतात आणि त्याचं एक तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्यावर पिशवी चिकटवतात. ही पद्धत 1950 मध्ये अमेरिकन सर्जन यूजीन ब्रिकर यांनी मांडली आणि आजही जगभर तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. दुसरा पर्याय म्हणजे आतड्याचा बराच लांब, 40 ते 60 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन आतच नवं मूत्राशय शिवायचं.

म्हणजे एकाच बैठकीत ओटीपोटातली मोठी शस्त्रक्रिया, आतड्याची कापाकापी आणि जोडणी, आणि लघवीचा नवा मार्ग. चार-सहा तास कुठेच गेले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयाने 2009 मध्ये आपल्या 1100 हून अधिक पेशंटचा काटेकोर हिशेब प्रसिद्ध केला. पहिल्या 90 दिवसांत 64 टक्के पेशंटना लहान-मोठी काहीतरी गुंतागुंत झाली होती, आणि 13 टक्क्यांना ती गंभीर स्वरूपाची होती. इतक्या अनुभवी ठिकाणी हे चित्र असेल, तर पेशंटचं शरीर कोणत्या स्थितीत टेबलावर जातं याला किती किंमत आहे ते ओळखावं.

भारी अंगाच्या पेशंटचा त्रास कुठे होतो

समजा लातूरच्या आडत बाजारातले एक व्यापारी आहेत, वय साठ-बासष्ट, वजन 95 किलो, पोट सुटलेलं, शुगर आहे, रात्री मोठ्यानं घोरतात. सर्जनला त्यांच्या ओटीपोटात खोल काम करायचं आहे. चरबीमुळे तिथे दिसायला कमी, हात पोचायला अवघड. वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं. कातडीखालच्या चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा मुळात कमी असतो, त्यामुळे तिथे पाणी साठतं, जंतू धरतात, टाके उसवतात. शुगर वाढलेली असेल तर हे सगळं दुप्पट जोमानं होतं. घोरणं म्हणजे नुसती झोपेतली सवय नसते. झोपेत श्वास अडत असेल तर भुलीनंतर ऑक्सिजन खाली जाऊ शकतो, म्हणून ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी सांगायलाच हवी. आणि पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. कॅन्सर, ओटीपोटाची शस्त्रक्रिया आणि लठ्ठपणा, तिन्ही मिळून तो चढतो. त्यासाठी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं साधारण चार आठवडे, म्हणजे घरी गेल्यावरही घ्यावी लागतात. टाके निघाले, आता कशाला, म्हणून ती मध्येच सोडणारे बरेच जण असतात. असं कृपया करू नका.

पण भारी पेशंटचं खरं दुखणं स्टोमाचं असतं, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची कित्येक वर्षं त्याच्यासोबत काढायची असतात.

आतड्याला रक्त पुरवणारा जो पडदा असतो, तो लठ्ठ माणसांमध्ये जाड आणि आखूड असतो. पोटाची भिंतही जाड. त्यामुळे आतड्याचं तोंड आतून बाहेर, कातडीपर्यंत आणताना ते ताणलं जातं. ताण पडला की रक्तपुरवठा घटतो, तोंड काळं पडू शकतं, आत ओढलं जाऊ शकतं, पुढे आकसू शकतं. आत ओढलेल्या स्टोमावर पिशवी नीट बसत नाही, लघवी कडेनं झिरपते, कातडी सोलवटते. अनुभवी सर्जन यावर उपाय करतात. आतड्याचं टोक न आणता वळण बाहेर काढतात, किंवा स्टोमा बेंबीच्या वरच्या बाजूला करतात, कारण तिथे चरबीचा थर पातळ असतो.

जागा ठरवायचं काम शस्त्रक्रियेच्या आधी, पेशंट जागा असताना करायचं असतं. स्टोमा नर्स किंवा सर्जन पेशंटला उताणं झोपवतात, मग उभं करतात, खुर्चीवर बसवतात, पुढे वाकायला लावतात. प्रत्येक वेळी पोटाच्या घड्या कुठे पडतात ते बघतात आणि घडीपासून लांब, पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशा जागी मार्करनं खूण करतात. पोट सुटलेल्या माणसाला उभं राहिल्यावर बेंबीच्या खालचं काही दिसत नाही. तिथे स्टोमा केला तर पिशवी बदलायला जन्मभर दुसऱ्याचा हात लागणार. आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात. एक, मांडी घालून बसणं. जेवायला, भजनाला, पंगतीला आपली माणसं जमिनीवर बसतात आणि मांडी घातल्यावर पोटाची घडी खुर्चीवर बसल्यापेक्षा वेगळ्या जागी पडते. दोन, रोजचा पेहराव. परकराची नाडी, नऊवारीच्या निऱ्या खोचायची जागा, धोतराची गाठ, पँटचा पट्टा, यातलं काहीही बरोबर स्टोमावर येता कामा नये. म्हणून त्या तपासणीला रोजचे कपडे घालून जावं, आणि कुणी विचारलं नाही तर आपणच सांगावं, "आई लुगडं नेसते, नेसल्यावर एकदा बघा."

पुढे स्टोमाच्या बाजूनं हर्निया होण्याचा धोकाही लठ्ठ पेशंटना, त्यातही बायकांना जास्त असतो. आतडं शेजारून बाहेर फुगतं आणि पिशवी चिकटेनाशी होते. घागरी, पोती, बाजाराच्या जड पिशव्या उचलणं पहिले काही महिने पूर्ण बंद. नंतरही जपूनच.

रोबोटच्या साहाय्यानं केलेल्या शस्त्रक्रियेत चीरा लहान असतो, रक्त कमी जातं, जखमेचा त्रास घटतो, त्यामुळे भारी पेशंटला त्याचा उपयोग होऊ शकतो. अडचण अशी की त्यात पेशंटला काही तास डोकं खाली, पाय वर असं तिरकं ठेवावं लागतं आणि पोटाचं सगळं वजन फुप्फुसांवर येतं. कॅन्सर आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती तुल्यबळ आहेत, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेझर' या अमेरिकी चाचणीत दिसलं. म्हणून रोबोटसाठी जमीन गहाण टाकायची गरज मला वाटत नाही. या शस्त्रक्रिया नियमित करणारा सर्जन आणि त्याच्यामागे चांगला वॉर्ड मिळणं जास्त मोलाचं.

मग लठ्ठ माणूस जगतो किती?

इथे अभ्यासांचं उत्तर सरळ नाही. काही मोठ्या पाहण्यांमध्ये लठ्ठ पेशंटना कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. काहींमध्ये उलट, थोडं जास्त वजन असलेले पेशंट सडपातळ पेशंटपेक्षा जास्त जगले. हे वाचून 'लठ्ठपणा चांगला' असा निष्कर्ष काढणारे लेख मोबाईलवर फिरत असतात. त्यात एक मोठी गफलत आहे. वजन मोजलं जातं ते शस्त्रक्रियेच्या वेळी. तोपर्यंत रोग ज्यांना आतून पोखरत आलाय, ज्यांची भूक मेलीय, जे वर्षानुवर्षं विड्या ओढत आलेत, त्यांचं वजन आधीच उतरलेलं असतं. ते सगळे 'सडपातळ' गटात जमा होतात आणि त्या गटाचा निकाल वाईट दिसतो. भारी माणूस चरबीमुळे तगला असं त्यातून सिद्ध होत नाही. वजन टिकून राहिलं याचा अर्थ रोगानं शरीर अजून फार खाल्लेलं नाही, इतकाच असू शकतो.

दुसरी गफलत वजन मोजण्याच्या पद्धतीतच आहे. अभ्यासांत बहुतेक वेळा बीएमआय वापरतात, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. 18.5 च्या खाली कमी वजन, 30 च्या वर लठ्ठपणा, अशी जागतिक पट्टी आहे. भारतीयांसाठी ती खाली आणलेली आहे. आपल्याकडे 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. हे का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवून दिलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काटा दोघांना एकाच गटात टाकतो, आणि आत काय भरलंय ते त्याला कळत नाही.

आपल्या गावोगावी दिसणारा शरीराचा साचा हाच आहे. पोट पुढे आलेलं, पण दंड आणि मांड्या काड्यांसारख्या. अशा माणसाचा बीएमआय 'नॉर्मल' येतो, घरचे म्हणतात तब्येत बरी आहे, आणि आत स्नायूंचा मोठा दुष्काळ असतो. चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे दोन्ही एकत्र असणं या शस्त्रक्रियेसाठी सगळ्यात वाईट. जखमेचे त्रास लठ्ठ माणसाचे आणि ताकद कृश माणसाची.

स्नायू एवढे महत्त्वाचे का

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची प्रथिनांची गरज एकदम वाढते. जखम भरायला, आतड्याचे सांधे जुळायला, जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार व्हायला प्रथिनं लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत पेशंट जेवत नसतो. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती प्रथिनं काढतं. दुष्काळात पेरणी वाया गेल्यावर घर कणगीतल्या धान्यावर निघतं, तसं हे आहे, आणि कणगी आधीच रिकामी असेल तर पुढे काही उरत नाही. शिवाय खोकून कफ बाहेर काढायला छातीचे आणि पोटाचे स्नायू लागतात, दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठून चालायला मांड्या लागतात. जो उठत नाही त्याला न्यूमोनिया होतो, गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात.

हे आकड्यांतही दिसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मूत्राशय काढलेल्या 205 पेशंटचे शस्त्रक्रियेआधीचे सीटी स्कॅन पुन्हा काढून पाहिले आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं. 2014 मध्ये त्यांनी निकाल मांडला. दोनतृतीयांशांहून जास्त पेशंटचे स्नायू कमी भरले. पाच वर्षांनंतर, मूत्राशयाच्या कॅन्सरनं मृत्यू न झालेल्यांचं प्रमाण स्नायू चांगले असलेल्यांत 72 टक्के होतं, स्नायू झडलेल्यांत 49 टक्के.

टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा 2011 चा अभ्यास आपल्यासाठी त्याहून उपयोगाचा आहे, कारण त्यात पाहिलेल्या गोष्टी कुठल्याही तालुक्याच्या गावी तपासता येतात. त्यांनी 538 पेशंटमध्ये तीनच गोष्टी पाहिल्या: रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 3.5 च्या खाली आहे का, बीएमआय 18.5 च्या खाली आहे का, शस्त्रक्रियेआधी वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलंय का. यातलं एक जरी लागू पडलं तरी पेशंट कुपोषित धरला. असे 19 टक्के निघाले. शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांत त्यांच्यापैकी 16.5 टक्के दगावले, बाकीच्यांत हे प्रमाण 5.1 टक्के होतं. तिपटीहून जास्त. अल्ब्युमिन कमी असणं म्हणजे निव्वळ अन्नाची कमतरता असं नाही, शरीरात दाह चालू असेल तरीही ते उतरतं. पण धोक्याची सूचना म्हणून ते खरं ठरतं, आणि ही रक्ततपासणी साधी आहे.

आता दुसरा पेशंट समजा. केजजवळच्या एखाद्या गावातले शेतकरी, वय अडुसष्ट, वजन 47 किलो. "पहिल्यापासनंच बारीक हाय," असं घरचे म्हणतात. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे विचारायला हवं. जुना केस पेपर शोधा. मोतीबिंदूच्या शिबिरात, बीपी तपासताना, प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठेतरी वजन लिहिलेलं असतं. तिथे 54 सापडलं तर सात किलो गेलेत, म्हणजे सुमारे 13 टक्के. कागद नसेल तर शरीर सांगतं. करदोडा सैल झालाय का, बोटातली अंगठी फिरते का, बांगड्या कोपरापर्यंत जातात का, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का. पायावर सूज असेल तर काटा फसवतो, पाण्याचं वजन धरून आकडा बरा दिसतो.

घरी करता येण्याजोगी आणखी एक तपासणी आहे. पेशंटला साध्या खुर्चीवर बसवा, दोन्ही हात छातीशी घडी घालायला सांगा आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला लावा. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांप्रमाणे याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू अशक्त असल्याची शंका घ्यावी. पोटरीचा घेरही मोजता येतो. पुरुषांत 34 आणि बायकांत 33 सेंटिमीटरहून कमी घेर हीदेखील शंकेची खूण. शिंप्याची टेप पुरते. यातून निदान होत नाही, पण हे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवलेत तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

हातात वेळ किती आणि त्यात करायचं काय

वेळ थोडा आहे. स्नायूत शिरलेल्या रोगात मध्ये केमो वगैरे काही चालू नसताना निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत 12 आठवड्यांहून जास्त उशीर झाला तर निकाल बिघडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. 'आधी वजन कमी करून या, मग बघू' किंवा 'जरा अंग धरू द्या, दिवाळीनंतर करू' या दोन्ही सल्ल्यांमागे लागू नका. मूत्रपिंडं चांगली असतील तर बहुतेकांना आधी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित केमोथेरपी देतात. तीन-चार फेऱ्या, म्हणजे अडीच-तीन महिने. हाच तयारीचा काळ. शिवाय या केमोमुळे आयुष्य वाढतं हे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं आहे, त्यामुळे हा काळ वाया जात नाही. केमो चालू नसेल तरी दोन-तीन आठवडे मिळतातच. वजन फारच उतरलेलं असेल, तर 7 ते 14 दिवस नेटानं पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करावी, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेवढा उशीर परवडतो.

कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या 47 किलोंच्या शेतकऱ्याला म्हणजे 55 ते 70 ग्रॅम. तो खातो काय? अर्धी भाकर आणि वाटीभर पातळ वरण, दोन्ही वेळा, आणि दोन कप चहा. हिशेब केला तर जेमतेम 15 ते 20 ग्रॅम भरतात. त्यातून आजारी माणसाला 'हलकं' द्यायचं म्हणून घरात उलटच होतं. अंडी उष्ण म्हणून बंद, दही थंड म्हणून बंद, शेंगदाण्यानं पित्त होतं, दाळ जड. राहते मऊ भाताची पेज. ही पथ्यं प्रेमानं पाळली जातात, सासूबाईंपासून शेजारच्या मावशींपर्यंत सगळे सांगतात, आणि पेशंट त्यातच वाळत जातो. हे थांबलं पाहिजे.

वाढवायचं कसं? दोन उकडलेली अंडी 12 ग्रॅम देतात. दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, सुमारे 16 ग्रॅम. 25 ग्रॅम सोयावडी, भिजवून, कुटून भाजीत किंवा पिठल्यात मिसळली तर 13 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे सात-आठ ग्रॅम, दात नसतील तर कूट करून, थोडा गूळ घालून. यातलं सगळं रोज जमलं नाही तरी निम्मं जमवा, आणि मुख्य म्हणजे एकदम ताट वाढू नका. दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या. ज्यांना मटण, मासे चालतात त्यांना ते बिनधास्त द्यावं. 'साखरेनं कॅन्सर वाढतो' म्हणून वजन उतरणाऱ्या माणसाचा गूळ आणि केळं काढून घेऊ नका. शुगरच्या पेशंटचं वेगळं, त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनांचं प्रमाणही विचारूनच. या रोगात गाठीमुळे मूत्रनलिका तुंबून मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते.

एक गोष्ट मराठवाड्यात विशेष लागू पडते. किनवट किंवा सेनगावकडचा पेशंट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तिथल्याच घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात दाखवायला निघतो, तो पहाटेच्या एसटीनं उपाशी निघतो, कारण 'तपासणीला उपाशीपोटी या' असं सांगितलेलं असतं. नंबर दुपारी लागतो. मग चहा-बिस्कीट, आणि रात्री उशिरा घर. अशी एक फेरी म्हणजे एक दिवसाचं जेवण गेलं, आणि निदान ते शस्त्रक्रिया या काळात अशा कितीतरी फेऱ्या होतात. कोणती तपासणी खरंच उपाशीपोटी करायची आहे ते विचारून घ्या, बाकी दिवशी पिशवीत उकडलेली अंडी, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, केळी बांधून न्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, ही पद्धतही आता मागे पडते आहे. भुलीच्या 6 तास आधीपर्यंत हलकं जेवण आणि 2 तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव बहुतेकांना चालतात. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितलंय तेच अंतिम.

भारी पेशंटनं या काळात काय करावं? उपवास, नुसत्या सूपवर राहणं, महिन्यात दहा किलोच्या जाहिराती, यातलं काहीही नको. घाईनं उतरलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात. त्यांचं काम वेगळं आहे. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा सरासरी आकडा) साधारण 8 च्या खाली आणणं, रोज सकाळ-संध्याकाळ चालणं, खुर्चीवरून उठ-बस, श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायच्या यंत्रानं श्वासाचा व्यायाम, आणि प्रथिनं तेवढीच. केमो असेल तर डोस त्यांच्या खऱ्या वजनाप्रमाणे पूर्ण मिळावा. जाड आहेत म्हणून तो कमी करू नये, अशीच तज्ज्ञांची शिफारस आहे.

विडी-सिगारेट दोघांनीही आजच सोडावी. मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते सगळ्यात मोठं कारण आहे आणि जखम न भरण्याचंही. कॅन्सर झालाच आहे, आता सोडून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, की उपयोग टाक्यांना होतो, फुप्फुसांना होतो, तोही काही आठवड्यांत.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात काही किलो वजन उतरणं नेहमीचं आहे. आतडं उशिरा जागं होतं, पोट फुगतं, मळमळतं, चव जाते. आतडं चालू व्हायची वाट पाहत दिवसचे दिवस उपाशी ठेवण्यापेक्षा लवकर थोडं थोडं तोंडानं देणं बरं, असा आता सर्जनांचा कल आहे. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी पिशवी रिकामी करून वजन घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. पाणी भरपूर प्यायला हवं, एप्रिल-मे मध्ये तर जास्तच, कारण परभणी-नांदेडच्या उन्हात घाम जातो आणि लघवी घट्ट होते. एका पायाची पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, पिशवीत लघवी कमी यायला लागली, तर फोन करून वाट बघत बसू नका, गाडी काढा.

आतड्याचा शेवटचा भाग ब-12 जीवनसत्त्व शोषतो. सर्जन तो शक्यतो राखतात, तरी पुढे काही वर्षांनी कमतरता येऊ शकते. माळकरी, शुद्ध शाकाहारी माणसांमध्ये ते आधीच कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांनी वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

आणि दोन-तीन महिन्यांनंतरही वजन उतरतच असेल, खायला बसलं की शिसारी येत असेल, सारखं गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर कॅन्सर परत आला या भीतीनं घरात बसू नका. तशी तपासणी करावीच लागेल, पण दुसरं एक कारणही असतं. लघवी ज्या आतड्यातून जाते किंवा ज्या नव्या मूत्राशयात साठते, तिथून तिच्यातले काही क्षार परत रक्तात शोषले जातात आणि रक्तातलं आम्लाचं प्रमाण वाढतं. आतड्याचं नवं मूत्राशय केलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. भूक जाणं, थकवा, वजन उतरणं ही त्याचीच लक्षणं. रक्तातलं बायकार्बोनेट तपासलं की कळतं, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी बहुतेकांची भूक परत येते.